रोज पाच किलोमीटर पळूनही उत्तरार्धात दम का संपतो?

प्रश्न शहादा तालुक्यातल्या एका क्रीडाशिक्षकांचा आहे. १३ ते १७ वयाची २२ मुलं, पहाटे रोज पाच किलोमीटर धावणं, त्यानंतर फुटबॉल. तरी मध्यंतरानंतर निम्मी पोरं गुडघ्यावर हात टेकून उभी राहतात आणि शेवटच्या दहा मिनिटांत गोल खातात. शालेय स्पर्धा दोन महिन्यांवर आहेत. साहित्य म्हणाल तर दहा बॉल, शंकू, शिट्टी आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच. धावणं सात किलोमीटर करू का, असं ते विचारतात.

सर, करू नका. उलट पाचचंही रोजचं बंद करा.

आपल्याकडे खान्देशात धावण्याची सवय पोलीस भरती आणि सैन्यभरतीमुळे लागली आहे. पहाटे कुठल्याही रस्त्यावर पाहा, पोरं पळताना दिसतात. सवय चांगलीच आहे, पण भरतीत १६०० मीटर एकदाच पळायचे असतात आणि मग काम संपतं. फुटबॉलमध्ये तसं नसतं. मोठ्या वयाचा खेळाडू पूर्ण सामन्यात साधारण १० ते १२ किलोमीटर अंतर कापतो, मात्र त्यात चालणं, जॉगिंग, वळणं, उड्या, अंगाला अंग भिडवणं सगळं येतं आणि सरासरी दर दीड मिनिटाला दोन ते चार सेकंदांची एक जोरदार धाव येते. हृदयाचे ठोके सरासरीने कमाल ठोक्यांच्या ८० ते ९० टक्क्यांवर असतात. त्या छोट्या धावेसाठी स्नायूंमध्ये साठवलेलं इंधन काही सेकंदांत खर्ची पडतं आणि पुढच्या धावेआधी ते भरून काढायला ऑक्सिजन लागतो. ज्याचं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, त्याची भरपाई लवकर होते. तुमच्या मुलांचा दम संपतो म्हणजे दोन धावांमधली ही भरपाई अपुरी पडते. संथ पाच किलोमीटरमध्ये या भरपाईला ताण बसतच नाही.

याला चांगला पुरावा आहे. नॉर्वेत यान हेल्गेरुड आणि सहकाऱ्यांनी १८ वर्षांच्या आसपासच्या कुमार खेळाडूंवर केलेला अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या सरावाशिवाय आठवड्यातून दोनदा, आठ आठवडे, कमाल ठोक्यांच्या ९० ते ९५ टक्क्यांवर चार मिनिटांच्या चार धावा आणि मध्ये तीन-तीन मिनिटं हळू जॉगिंग, एवढंच जास्तीचं काम त्यांना दिलं होतं. शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता दर किलो वजनामागे मिनिटाला ५८.१ मिलिलिटरवरून ६४.३ वर गेली. सामन्यात कापलेलं अंतर २० टक्क्यांनी वाढलं, जोरदार धावांची संख्या दुप्पट झाली आणि बॉलशी संबंध येण्याचे प्रसंग जवळपास एक चतुर्थांश वाढले. वेग आणि उडी मात्र होती तिथेच राहिली, हेही लक्षात ठेवा. याच गटाने २००७ साली चार पद्धती शेजारी शेजारी ठेवून तपासल्या. संथ लांब धावण्याने आणि मध्यम वेगाच्या सलग धावण्याने ही कमाल क्षमता हलली नाही. १५ सेकंद धाव–१५ सेकंद विश्रांती आणि वरच्यासारख्या चार मिनिटांच्या चार धावा या दोन पद्धतींनी ती वाढली.

तुमची मुलं त्याहून लहान आहेत. १३-१४ च्या मुलांत याच कामाचा फायदा कमी दिसतो, पाच ते दहा टक्के धरून चला. पण सामन्याच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत तेवढाही पुरतो.

आता मोजणी. मोजल्याशिवाय आखणी होत नाही, आणि तुमच्याकडे मोजायचं साधन आहेच: १६०० मीटर. शाळेच्या मैदानावर टेपने ६५ बाय ३५ मीटरचा आयत आखा, घेर २०० मीटर होतो, आठ फेऱ्या झाल्या की १६००. मुलांना सहा-सहाच्या तुकडीत सोडा, आदल्या दिवशी जड सराव नको, सकाळी सहा-साडेसहाची वेळ ठेवा. कोपऱ्यांमुळे वेळ थोडा जास्त येतो, त्याची काळजी नको, फक्त पुढची चाचणी त्याच आयतावर, त्याच वेळेला घ्या. पहिली फेरी जीव तोडून पळणारे निम्म्यात बसतात. म्हणून एखाद्या भरतीवाल्या दादाला पहिल्या दोन फेऱ्या ठरलेल्या वेगाने पुढे पळायला लावा.

आलेली वेळ सेकंदांत करा आणि २६,४०० ला त्या आकड्याने भागा. जे उत्तर येईल तेवढे मीटर त्या मुलाने १५ सेकंदांत पळायचे. सात मिनिटं लागली तर ४२० सेकंद, उत्तर ६३ मीटर. साडेसहा मिनिटांना ६८, साडेसात मिनिटांना ५९, आठ मिनिटांना ५५. हा त्याच्या स्वतःच्या १६०० च्या वेगाच्या ११० टक्के वेग झाला. सुरुवातीचे दोन आठवडे २६,४०० ऐवजी २४,००० ला भागा, म्हणजे १०० टक्के वेग मिळेल. एका रेषेवरून सगळे निघतील आणि समोर ज्याच्या-त्याच्या अंतरावर शंकू असेल. चार गटांना चार रंगांचे शंकू पुरतात. अंतर वेगळं आणि वेळ एकच असल्यामुळे शिट्टी सगळ्यांना एकच वाजते. ही गोष्ट फार कामाची आहे. सगळ्यांना एकाच अंतरावर पळवलं की दोन-चार जण रमतगमत जातात, दोन-चार उलट्या करतात आणि मधल्यांनाच नेमका डोस मिळतो.

१५-१५ असं चालवा: शिट्टी, १५ सेकंदांत शंकूपर्यंत धाव, पुढची १५ सेकंदं तिथेच चालत, मग शिट्टीवर परत. अशा १२ धावा म्हणजे सहा मिनिटांचा एक सेट. मध्ये तीन मिनिटं चालणं, मग दुसरा सेट. शंकूवर शिट्टीच्या आधी पोचायचं नाही आणि नंतरही नाही. पहिल्या दोन धावांत जो बाराव्या सेकंदाला पोचतो तोच आठव्या धावेला मागे पडतो, त्याला सुरुवातीलाच अडवा. सलग दोनदा उशीर झाला की त्या मुलाचा त्या दिवसापुरता सेट संपला. ती शिक्षा नाही, हे मुलांना आधीच नीट सांगून ठेवा, नाहीतर ती लाजेने पळत राहतात आणि मांडीची मागची शीर ताणून घेतात.

दुसरा जड दिवस बॉलचा ठेवा. इटलीत कुमार खेळाडूंवर झालेल्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बॉलशिवायच्या चार-चार मिनिटांच्या धावा आणि तेवढ्याच वेळाचे छोटे खेळ यांचा परिणाम जवळजवळ सारखाच निघाला. मुलांना खेळ आवडतो आणि त्यात बॉलही सुधारतो, मग एक दिवस तो का सोडायचा? चार विरुद्ध चार, ४० बाय ३० मीटर, गोलकीपर नाही, दोन्ही टोकांना दोन पावलांचे छोटे गोल. धाकट्यांना ३५ बाय २८ पुरे. चार मिनिटं खेळ, तीन मिनिटं हलकं पासिंग.

छोट्या खेळाचा दोष असा की तो दुरून जोरदार दिसतो आणि आत दोन जण उभे असतात. बॉल बाहेर गेला आणि आणायला कुणी पळालं की बाकीच्यांना फुकटची विश्रांती मिळते. म्हणून चार बॉल कडेला तयार हवेत आणि गेला की लगेच दुसरा आत. गोलकीपर ठेवला की ताण उतरतो. मैदान फार मोठं केलं की पोरं चालू लागतात, फार लहान केलं की नुसती लाथाळी होते. एक नियम घाला: गोल झाला तेव्हा आपले चौघंही समोरच्याच्या अर्ध्यात असतील तरच गोल धरायचा. मागे रेंगाळणारा आपोआप धावतो, आणि त्याला तुमच्याआधी त्याचेच सोबती ओरडतात. तुम्हीही गप्प बसू नका. कडेने प्रशिक्षकाचा आवाज चालू असला की खेळाचा जोर खरोखर वाढतो, हेही तपासलं गेलं आहे. २२ मुलांचं गणित सोपं आहे: दोन मैदानांवर सोळा, उरलेली सहा ताकदीच्या व्यायामाला, आणि फेऱ्या बदलत राहायच्या. जोड्या लावताना वयापेक्षा अंगकाठी बघा.

जोर पुरेसा आहे का, हे ठोके मोजणाऱ्या पट्ट्याशिवायही कळतं. चार मिनिटं संपताक्षणी मानेवर बोटं ठेवून १० सेकंद ठोके मोजायला शिकवा. या वयात कमाल ठोके साधारण २०० च्या आसपास असतात, म्हणजे ३० ते ३१ ठोके आले तर काम बरोबर झालं. २६-२७ येत असतील तर तो फिरून आलाय. मुलामुलांत दहा-दहा ठोक्यांचा फरक असू शकतो, त्यामुळे आकडा दगडावरची रेघ समजू नका. दोन-तीन शब्दांपलीकडे वाक्य बोलता येत नसेल तर जोर पुरेसा आहे.

आठवडा साधारण असा बसतो. सोमवारी तंत्र आणि २० मिनिटं ताकद. मंगळवारी १५-१५, नंतर शांतपणे पासिंग. बुधवारी हलकं. गुरुवारी पुन्हा तंत्र आणि ताकद. शुक्रवारी चार विरुद्ध चार. शनिवारी किंवा रविवारी सामना, आणि उरलेला एक दिवस पूर्ण सुट्टी. दोन जड दिवसांत किमान ४८ तास हवेत. जड काम नेहमी वॉर्मअपनंतर लगेच घ्या, तासभराच्या सरावानंतर थकलेल्या पायांवर नको. वॉर्मअपसाठी फिफाचा '११+' जसाच्या तसा घ्या. २० मिनिटांचा आहे आणि वेगळं साहित्य लागत नाही. मुलांना तो कंटाळवाणा वाटतो आणि दुसऱ्या आठवड्यात त्यातली मांडीची आणि तोलाची कसरत हळूच गळते. तीच गळू देऊ नका, दुखापती कमी होतात त्या तिच्यामुळे.

वाढ कशी करायची? पहिले दोन आठवडे १०० टक्के वेगाने सहा मिनिटांचे दोन सेट आणि शुक्रवारी तीन-तीन मिनिटांचे तीन खेळ. तिसऱ्या आठवड्यात ११० टक्के आणि चार-चार मिनिटांचे तीन खेळ. चौथ्यात सगळं निम्मं. इथे बहुतेकांचा धीर सुटतो. पोरं रंगात आलेली असतात, कमी करवत नाही. पण शरीर वाढतं ते विश्रांतीतच. पाचव्या-सहाव्यात सहा मिनिटांचे तीन सेट आणि चार-चार मिनिटांचे पूर्ण चार खेळ. सातव्यात १५ वर्षांवरच्यांना मंगळवारच्या शेवटी छोट्या धावा द्या: २० मीटर जाऊन वळून २० मीटर परत, २५ सेकंद विश्रांती, अशा सहा, चार मिनिटांनी पुन्हा सहा. धाकट्यांना याची गरज नाही. आठव्यात परत निम्मं, आठवड्याच्या सुरुवातीला १६०० ची चाचणी, आणि मग स्पर्धा.

दर सरावानंतर अर्ध्या तासाने प्रत्येकाला विचारा, शून्य ते दहात आजचा सराव किती जड होता. तो आकडा गुणिले मिनिटं एका वहीत लिहा: ७५ मिनिटं आणि ६ म्हणजे ४५०. आठवड्याची बेरीज मागच्या आठवड्यापेक्षा एकदम दीडपट झाली की दुखणी सुरू होतात. पावसाळ्यात आपल्याकडची निम्मी पोरं घरच्या शेतात निंदणी करून येतात, काही सात-आठ किलोमीटर सायकल मारून येतात, काही संध्याकाळी गल्लीत पुन्हा खेळतात. शरीर या सगळ्याचा हिशोब ठेवतं, म्हणून वहीतही ठेवा. तिघा-चौघांनी हलक्या दिवसालाही आठ सांगितलं तर मंगळवारचं काम शुक्रवारी ढकला.

वयाबद्दल थोडं सविस्तर, कारण चुका इथेच जास्त होतात. मुलांची उंची सगळ्यात झपाट्याने वाढते ती १४ च्या आसपास, मुलींची १२ च्या आसपास, आणि एकाच वर्गातल्या दोघांत यात दोन-तीन वर्षांचा फरक असू शकतो. महिन्याच्या एक तारखेला भिंतीवर खूण करून उंची मोजा. महिन्याला पाऊण सेंटीमीटरच्या आसपास वाढत असेल, तर तो मुलगा त्या काळात अवघडल्यासारखा पळतो, वेळ बिघडते, टाच किंवा गुडघ्याखालचं हाड दुखतं. तो आळशी झालेला नसतो. हाड वाढतंय आणि स्नायूंची दोरी अजून तोकडी आहे. त्याच्या उड्या आणि कडक जमिनीवरच्या धावा कमी करा, चार विरुद्ध चार चालू ठेवा. गुडघ्याखालच्या उंचवट्यावर बोटाने दाबून दुखत असेल आणि तो लंगडत असेल तर डॉक्टरला दाखवा. रोजच्या पाच किलोमीटरने सगळ्यात आधी हेच मुलगे जायबंदी होतात.

ताकदीच्या २० मिनिटांत बैठका, एका पायावरची बैठक, पोटरीच्या उठाबशा, फळीसारखं ताठ धरणं, आणि जोडीदाराने घोटे धरून गुडघ्यावरून सावकाश पुढे झुकणं एवढंच पुरे. शेवटचा व्यायाम पहिल्या आठवड्यात पाच वेळा, दोन सेट, त्याहून जास्त नको. नाहीतर दुसऱ्या दिवशी पोरं जिना उतरू शकत नाहीत.

जमीन आपली काळी. उन्हाळ्यात भेगा पडतात, घोटा मुरगळतो; पावसात चिखल बुटाला किलोकिलोने चिकटतो आणि त्यात १५-१५ घेतलं तर अंतर-वेळेचं गणितच मोडतं. शेताला वाफसा येईपर्यंत आपण औत घालत नाही, तसंच जड दिवसाला मैदानाचा वाफसा बघा. नसेल तर मुरमाच्या रस्त्यावर किंवा शाळेच्या पटांगणावर १५-१५ घ्या, खेळ पुढे ढकला.

ऊन तर सांगायलाच नको. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि जूनच्या पहिल्या पावसानंतर दमटपणा वाढतो, तो जास्त घातक, कारण घाम वाळत नाही. सुट्टीनंतर आलेल्या मुलांना उष्णतेची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात, म्हणून पहिले दोन आठवडे वेग कमी ठेवला आहे. सराव सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी साडेपाचनंतर. एकदा सरावाआधी आणि नंतर वजन करा. एक किलो कमी झालं म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेलं. दर १५-२० मिनिटांनी पाणी द्या. जास्त घाम गाळणाऱ्यांना लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मुलगा असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला तर तो उष्माघात समजा. सावलीत आडवा करा, अंगभर गार पाणी ओता, वारा घाला आणि त्याच वेळी १०८ ला फोन लावा. आधी थंड करायचं, मग गाडीत घालायचं.

आता एक गोष्ट जी धावण्याच्या तक्त्यात येत नाही. दमाची तक्रार असलेल्या मुलांचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. १२ ते १४ वयात १२ च्या खाली, १५ नंतर मुलांत १३ च्या आणि मुलींत १२ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे, आणि कितीही पळवलं तरी ऑक्सिजन वाहून नेणारी गाडीच रिकामी. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी खरंच पोटात जाते का ते बघा. ती जेवणानंतर घ्यायची आणि चहाबरोबर नको.

नंदुरबार पट्ट्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण जास्त आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. सरकारी दवाखान्यात तपासणी मोफत होते. प्रत्येक मुलाचं कार्ड मागवून घ्या. आजार असलेल्याने डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय जड सराव करायचा नाही. नुसता वाहक असेल तर तो खेळू शकतो, खेळू द्यावंच, पण त्याला पहिल्याच दिवशी जीव तोडून पळवायचं नाही, विश्रांती मागितली की लगेच द्यायची, ताप-जुलाबानंतर आठवडाभर जड काम नको. साध्या पेटक्यात पोटरी दगडासारखी कडक होते आणि मुलगा ओरडतो. वाहक मुलगा सरावाच्या पहिल्या काही मिनिटांतच पाय गळल्यासारखा खाली बसला, स्नायू मऊच असले आणि दुखणं-अशक्तपणा सांगू लागला, तर त्याला उठवून पळवू नका. सावली, पाणी आणि थेट दवाखाना.

पहाटे उपाशीपोटी जड सराव घेऊ नका. केळी आपल्या जिल्ह्यांत मुबलक आहेत. सरावाच्या पाऊण तास आधी एक-दोन केळी पुरतात. शेंगदाणे-गूळ नंतर, आधी नको, पोटात टोचतं. सरावानंतर तासाभरात कळण्याची भाकरी, डाळ, दूध किंवा अंडं. शेवभाजीचा तिखट रस्सा सामन्याच्या दिवशी दुपारी नको. दहापैकी दोन पोरं मध्यंतराला पोट धरून बसतात ती त्यानेच.

आठव्या आठवड्यात १६०० च्या वेळेत १५ ते ३० सेकंदांचा फरक दिसला तर काम झालं. वेळ सुधारली पण सामन्यात फरक नाही, तर प्रश्न दमाचा नसून मैदानावरच्या जागांचा आहे. सगळेच बॉलमागे धावत असतील तर कुणाचाच दम पुरणार नाही. वेळच सुधारली नाही, तर आधी हजेरी बघा, मग वहीतले आकडे, मग रक्त. स्पर्धा सुरू झाल्यावर आठवड्यातून एकच जड दिवस ठेवा, सामने दोन असतील तर तोही नको. आणि दिवाळीच्या सुट्टीत पूर्ण आराम दिला तर कमावलेलं बरंच तीन-चार आठवड्यांत उतरतं, म्हणून मुलांना गावी जाताना त्यांचं अंतर कागदावर लिहून द्या: आठवड्यातून दोनदा, सहा मिनिटांचे दोन सेट, मोबाइलवर १५ सेकंदांचा गजर लावून.